अक्रोडाचं सॉलिड लाकूड म्हणून एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) दिलं, १,८६,००० रुपये गेले. कपाट करून घेणार असाल तर वाचा

हाताने बनवलेलं, सॉलिड लाकडाचं कपाट म्हणून एका फर्निचरवाल्याला १,८६,००० मोजले. १,२०,००० अ‍ॅडव्हान्स, ६६,००० माल घरी आल्यावर. फ्रेम सरळ रेषांच्या सागाची आणि चार दरवाजे नक्षीदार अक्रोडाचे असं ठरलं होतं. पावसाळ्यात खालच्या दरवाज्याची कड फुगली, पट्टी सुटली आणि आतून निघालं एमडीएफ, वर अर्धा मिलिमीटरचं व्हेनिअर, म्हणजे खऱ्या लाकडाचा चिकटवलेला पापुद्रा!

व्हेनिअर वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही. फांदी फुटते तिथलं पंखासारख्या नक्षीचं लाकूड वाळताना तडकतं, वाकतं, त्यामुळे चांगले कारागीरही त्याचं व्हेनिअरच लावतात. पण मग तसं सांगा ना, आणि पैसेही तसेच घ्या.

जास्त संताप याचा की फ्रेम खरी होती. मी स्वतः सागाच्या पट्ट्या उचलून बघितल्या, टोकाच्या रिंगा बघितल्या, सगळं अस्सल, मग दरवाज्यांवर संशय येणार कुठून? साधं लाकूड खरं दाखवायचं आणि महागाच्या नक्षीत हात मारायचा, ही यांची पद्धत.

आणि तो डाग. पॉलिश झालेले चार दरवाजे भिंतीला टेकवून ठेवलेले, चारहींवर त्याच जागी तोच काळा डाग. मी विचारलंही! "एकाच ओंडक्याचे सलग काप आहेत साहेब, म्हणून सारखे." मला पटलं, कुणालाही पटलं असतं. पण इंचभर जाडीच्या फळ्या काढल्या की प्रत्येक फळीत नक्षी सरकते, डाग लहानमोठा होतो, चार फळ्या हुबेहूब निघूच शकत नाहीत, हुबेहूब निघतात ते व्हेनिअरचे पापुद्रे. त्याच्या उत्तरातच चोरी होती आणि मी म्हणालो, पाठवा माल.

दरवाजा उलटा करून बघा, समोरची नक्षी मागे साधारण तशीच उतरायला हवी. चारही कडांना पट्टी मारली असेल तर का मारली ते विचारा. पॉलिशच्या आधी बघायला मिळत नसेल तर अ‍ॅडव्हान्स देऊच नका.

पोलिसांकडे गेलो तर "सिव्हिल मॅटर आहे", अर्जावर पोच द्यायलाही तयार नाहीत. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, त्यांनी फर्निचरवाल्याला विचारलं, तो म्हणाला ग्राहकाला सगळी कल्पना दिली होती, झालं, तक्रार बंद! मला एक फोन नाही. फोटो आहेत, फुगलेला दरवाजा आहे, तरी एक जण म्हणतो एमडीएफ असल्याचं सर्टिफिकेट आणा. मी फसलो आणि मीच लॅब शोधत फिरायचं? त्याला कोणी एक कागद मागितला नाही. बिलावर नुसतं "कपाट १ नग" आहे, लाकडाचं नाव, सॉलिड की व्हेनिअर, जाडी, हे सगळं बिलावरच लिहून घ्या, तोंडी काही धरत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने "पूर्ण सॉलिड" लिहिलेलं माझ्याकडे आहे, तेवढ्यावर आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. ५ लाखांपर्यंत तिथे फी लागत नाही, आणि मुदत २ वर्षांची असते, त्यामुळे "बदलून देतो" म्हणत कोणी झुलवत असेल तर थांबू नका.