औसा ते लातूर रुग्णवाहिका सेवा: उपचार उत्तम, मार्गदर्शक श्वानाबाबत तयारी हवी

औशाहून लातूरला माझ्या थोरल्या बंधूंना नेण्यासाठी आम्ही एका खासगी रुग्णवाहिका सेवेला बोलावले होते. दादा दृष्टिहीन आहेत आणि त्यांच्यासोबत प्रशिक्षित मार्गदर्शक श्वान असतो, हे फोनवरच सांगितले होते. गाडी लवकर आली, परिचारकाने रक्तदाब व साखर लगेच तपासली, ऑक्सिजनची सोय चोख होती आणि भाडे ठरले तेवढेच घेतले. उपचारांबाबत माझी काहीही तक्रार नाही.

श्वानाची माहिती मात्र गाडीतल्या माणसांपर्यंत पोहोचलीच नव्हती. परिचारकाने दादांना न विचारता हार्नेसची, म्हणजे श्वानाच्या अंगावर बांधलेल्या आणि दादा धरून चालतात त्या साजाची, मूठ पकडून श्वानाला बाजूला ओढले. चालत्या माणसाच्या हातातली काठी हिसकावून घ्यावी, तसाच हा प्रकार. मार्गदर्शक श्वान बहुधा डावीकडे चालतो, म्हणून उजव्या बाजूने येऊन आधी स्वतःचे नाव सांगावे आणि श्वानाचे काय करायचे ते रुग्णालाच विचारावे. रुग्ण स्ट्रेचरवर गेला की हार्नेस उतरवून श्वानाला केवळ पट्ट्याने धरता येते. त्याला गोंजारणे, खाऊ घालणे किंवा आपणच आज्ञा देणे टाळावे.

चालकाचे म्हणणे होते की, कुत्रे मागच्या गाडीतून आणा. जागा अपुरी असेल आणि उपचारांत अडथळा येत असेल, तर श्वानाला वेगळ्या वाहनाने रुग्णालयात पोहोचवावे, असे अमेरिकेच्या न्याय विभागाचे मार्गदर्शनही सांगते; परंतु येथे स्ट्रेचरच्या पायथ्याशी पुरेशी जागा होती आणि दादांनी सांगताच श्वान तिथे शांत पडून राहिला. वेगळे न्यावेच लागले, तर मराठवाड्यातल्या मे महिन्याचे भान ठेवावे: बंद गाडीत त्याला एकटे सोडू नये, तापलेल्या डांबरावर उभे करू नये. दार लावताना शेपूट व पंजे पाहावेत, हे तर आलेच.

रुग्ण बेशुद्ध असेल, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. श्वान मालकाजवळून हटायला तयार नसण्याची शक्यता असते; अशा वेळी ओढाताण न करता हळू आवाजात बोलावे, गळपट्ट्यावर संपर्क क्रमांक आहे का ते पाहावे आणि ओळखीच्या माणसाच्या हाती पट्टा द्यावा. ही माहिती परिचारकांना प्रशिक्षणातच मिळायला हवी.

व्यवस्थापकांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. गरज पडल्यास मी पुन्हा याच सेवेला बोलावीन. मात्र फोन घेणाऱ्याने श्वानाची नोंद करून ती गाडी निघण्यापूर्वी परिचारकाला आणि पुढे रुग्णालयालाही कळवावी.