गंगापूर रोडवरचा ‘इंग्लिश’ पब: तुळया पोकळ, काउंटर अस्सल

इंग्लंडच्या खेड्यातल्या जुन्या पबची हुबेहूब नक्कल, असं सांगत नाशिकच्या गंगापूर रोडवर एक नवं ठिकाण सुरू झालंय. खायला जरूर जावं. तुळया बघायला जाऊ नये.

खऱ्या पबात तुळई भार वाहते. ओकचं लाकूड ओलं असतानाच तासून कुसू-सालीचे सांधे (साल म्हणजे खाच, कुसू म्हणजे तिच्यात बसणारं टोक) बसवत, वर लाकडी खुंट्या ठोकत. वाळताना लाकूड आकसतं, पीळ खातं आणि सांधे आवळले जातात. म्हणून चौकट वाकडी दिसते आणि तरी शतकानुशतकं उभी राहते. खांबांमधली जागा कुडाची: फोकांची वीण, त्यावर माती, पेंढा आणि शेण. आपल्याला काही परकं नाही.

इथल्या तुळया फायबरच्या. वाजवून बघा, पोकळ आहेत. तेही एकवेळ चाललं असतं, पण त्या भिंतीच्या चार बोटं अलीकडेच संपतात. खाली ना खांब, ना आधाराचा घोडा. कोपरे तर फोटोच्या फ्रेमसारखे पंचेचाळीस अंशांत कापून जोडलेत; असा सांधा छप्पर पेलेल का? भिंतीवरच्या डांबरी काळ्या पट्ट्या आणि पांढराशुभ्र रंग हा थाटही बहुतांशी व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या हौसेचा. त्याआधी ओक बरेचदा तसाच सोडत, तो राखाडी पडे. नाहीतर लाकडासकट सगळ्यावर चुना फिरवत.

शेकोटीचा कोनाडा माणूस आत बसेल एवढा मोठा आहे, हे बरोबर. वरची आडवी तुळई मात्र जेमतेम चार इंचांची. खऱ्या पबात तीच धुराड्याचं बांधकाम तोलते. आत एलईडीच्या ज्वाळा. नाशिकच्या थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा खरा जाळ शोभला असता, पण त्याला धुराड्याचं छिद्र शेकोटीच्या तोंडाच्या निदान एक दशांश लागतं, नाहीतर धूर खोलीत फिरतो. वर दुसऱ्याचा मजला असताना ते जमणार नाही, हे समजू शकतं.

काउंटर मात्र सुरेख. पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान, सालींची भोकं न बुजवता ठेवलेली. खरं तर जुन्या खेडेगावच्या पबात काउंटर नसेच, तळघरातल्या पिंपातून बिअरचे जग भरून आणत. इंग्लिश संशोधक जोसेफ ब्रामाने १७९७ मध्ये बिअरच्या पंपाचं पेटंट घेतलं, त्यानंतरच्या काळात पंप लावलेला काउंटर रुळला. असो, इथली सगळ्यात खरी वस्तू तीच.

आवाजाचा त्रास आहे. छत बुटकं आणि जिप्समचं, खाली गुळगुळीत टाइल्स, पडदे नाहीत. शनिवारी संध्याकाळी समोरच्याचं ऐकू येत नाही. उंच पाठीच्या बाकांवर बसा. मुळात ती वाऱ्याच्या झोताला आडोसा म्हणून आली, इथे एसीचा झोत अडवतात. खिडकीपाशी नको: चौकटींची काच म्हणजे नुसते स्टिकर, दुपारी ऊन थेट तोंडावर येतं.

मासा कुरकुरीत, तेल नीट निथळलेलं. चिप्स बारीक आणि फ्रोझन. त्याऐवजी भाजलेले बटाटे मागा.