'द क्लॅश': ब्रिटिश प्रत घ्यावी की अमेरिकन?

'द क्लॅश' या ब्रिटिश पंक रॉक बँडचा पहिला अल्बम घ्यायचं ठरवलं की एकाच नावाच्या दोन प्रती समोर येतात: एप्रिल १९७७ची ब्रिटिश आणि जुलै १९७९ची अमेरिकन. मी आधी अमेरिकन घेतली, बरीच वर्षं तीच ऐकली. त्यामुळे तिला वाईट म्हणवत नाही.

तिच्यात मूळची चार गाणी गाळून नंतरची पाच घातली आहेत, आणि ती पाचही जोरदार. 'रिमोट कंट्रोल'पाठोपाठ 'कम्प्लीट कंट्रोल' येतं, ही जोडी तर ब्रिटिश प्रतीत नाहीच. रेकॉर्ड कंपनीने बँडला न विचारता पहिलं गाणं सिंगल म्हणून बाजारात आणलं, त्या संतापातून दुसरं झालं.

पण हात सारखा आवाजाच्या बटणाकडे जातो. मूळ गाणी फेब्रुवारी १९७७मध्ये लंडनच्या व्हिटफिल्ड स्ट्रीटवरच्या स्टुडिओत, तीन वीकेंडांत, सुमारे ४,००० पौंडांत उरकलेली. निर्माता मिकी फूट, म्हणजे बँडच्याच कार्यक्रमांचा साउंडवाला. गिटार पत्र्यासारखी वाजते, ड्रमवर टेरी चाइम्स. नव्या गाण्यांत ड्रमवर टॉपर हेडन आहे आणि आवाज भरदार. 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले' संपून 'लंडन्स बर्निंग' लागलं की खोली एकदम लहान झाल्यासारखी वाटते. म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच 'आय फॉट द लॉ'चे ड्रम अंगावर येतात. दर वेळी हेच. कदाचित माझ्या स्पीकरचाही दोष असेल, पण शेवटी याच त्रासापायी मी ब्रिटिश प्रत घेतली.

तिच्यात सगळं एकाच खोलीत वाजतं. आणि 'पोलीस अँड थीव्ज' तिथेच नीट कळलं. ज्युनियर मर्विनचं हे रेगे गाणं क्लॅशने सहा मिनिटं वाजवलंय. ब्रिटिश प्रतीत त्याच्या आधी 'प्रोटेक्स ब्लू', नंतर '४८ अवर्स', दोन्ही दोन मिनिटांच्या आतली. धापा टाकत पळताना मध्येच चाल मंदावावी, श्वास घ्यावा आणि पुन्हा सुटावं, असं ते येतं. अमेरिकन प्रतीत नेमकी ही दोन्ही शेजारची गाणी गाळली आहेत.

गाणी एकेकटी ऐकणार असाल तर अमेरिकन प्रतीत बहुधा जास्त हाती लागेल. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत ऐकणार असाल, तर मी ब्रिटिशच सुचवेन. 'व्हाइट मॅन' वेगळं सिंगल म्हणून निघालंच होतं, ते तसंच ऐका.