मोहरीच्या गोणीत पिवळा धोत्रा

मे महिन्यात लोणच्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या की मला मोहरी जास्तच लागते. यंदा आमच्या आठवडा बाजारात टेम्पो लावून बसलेल्या एकाकडून दहा किलो घेतली, दुकानापेक्षा किलोमागे तीस रुपये कमी. त्याने गोणीतली वरची ओंजळ काढून दाखवली, ती खरोखरच स्वच्छ होती. पावती मागितली तर म्हणाला, "ताई, पुढच्या बाजाराला मी इथेच आहे की."

पहिल्या खेपेला मोहरी मिक्सरमध्ये फिरवली. बारा बरण्या गिऱ्हाइकांकडे गेल्यासुद्धा. दुसऱ्या खेपेला सासूबाईंनी हौसेने जातं मांडलं. डाळ पाखडता पाखडता त्या थांबल्या. पिवळ्या डाळीत मधेच पांढरे कण दिसत होते. त्यांनी गोणीच्या तळातले दाणे काढून बोटांत चोळले. "ही सगळी मोहरी नाय गो. हाताक खरखरता."

मग आम्ही पांढऱ्या ताटलीत मूठभर दाणे पसरून उन्हात बसलो. आकार जवळजवळ सारखाच, म्हणून तर नजर फसते. मोहरीचा दाणा गुळगुळीत आणि गोल. दुसरा काळपट, अंगावर जाळीसारखी खरबरीत नक्षी आणि एका बाजूला बारीकसं टोक. पोलपाटावर लाटण्याने दाबला की मोहरी आतून पिवळी निघते, हा पांढरा. हे पिवळ्या धोत्र्याचं बी. पानांवर पांढऱ्या शिरा आणि काटे, पिवळं फूल, देठ मोडला की पिवळा चीक: रस्त्याकडेच्या पडीक जागेत ही झाडं तुम्ही पाहिली असतीलच. काटेरी बोंड उकललं की त्यातून हेच बी सांडतं.

हे बी पोटात गेलं तर पाय सुजतात, धाप लागते, हृदय कमजोर होतं, काहींना काचबिंदू होतो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात याच बियांचं तेल मिसळलेलं होतं आणि ६० हून अधिक माणसं दगावली.

बाराही घरांत मी स्वतः गेले. अकरा बरण्या परत आल्या. बारावी एका आजींनी अर्धी संपवली होती. त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, बी कुठलं तेही सांगितलं. सूज नाही, पण मी अजून दर दोन दिवसांनी त्यांचे पाय बघून येते. उरलेलं लोणचं खोल खड्ड्यात पुरलं. मोहरी मात्र परड्यात टाकली नाही, रुजली असती. एक पुडी तपासणीसाठी अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे दिली, बाकीची जाळली.

तो माणूस पुढच्या बाजाराला आला नाही, फोन बंद आहे. माझे पैसे गेले ते गेले. पण त्या दिवशी त्याच्याकडून आणखी बऱ्याच जणींनी मोहरी नेली होती. तुमच्या डब्यात ती असेल तर आज फोडणीला टाकू नका. आधी तळाची चिमूट पांढऱ्या ताटलीत काढा आणि एकेक दाणा दाबून बघा.