आईशी बोलण्यासाठी स्क्रीनवाला स्पीकर, टॅबलेट आणि बटणांचा फोन: दहा महिन्यांचा अनुभव

आधीच सांगून टाकते. भरपूर शोधाशोध करून घेतलेला दहा इंची स्क्रीनचा स्मार्ट स्पीकर सध्या माझ्या कपाटात जुन्या चादरींखाली आहे. आणि दादा ज्याला "खेळणं" म्हणाला होता तो मोठ्या बटणांचा फोन आईच्या उशाशी आहे. स्पीकर घेताना कुणी मला हे सांगितलं असतं तर मी हसले असते.

आई ८१ वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि तिची फिरती सुरू झाली. हॉस्पिटलमधून पुनर्वसन केंद्र, तिथून एक काळजी केंद्र, मध्येच लघवीच्या इन्फेक्शनसाठी आठ दिवस परत हॉस्पिटल, पुन्हा त्याच केंद्रात आणि आता चोवीस तास सिस्टर असलेलं दुसरं केंद्र. दहा महिन्यांत पाच वेळा खाट बदलली. मी आणि दादा दोघंही दुसऱ्या शहरांत. वस्तू घेताना मी आवाज, स्क्रीन, बॅटरी सगळं पाहिलं. आई हलली की ती वस्तू तिच्याबरोबर हलेल का, एवढं मात्र पाहिलं नाही.

स्पीकर पुनर्वसन केंद्रात लावला. पहिले सहा आठवडे तो अगदी जादूसारखा चालला, हे कबूल करते. परवानगी दिलेल्या माणसाचा कॉल त्यावर आपोआप जोडला जातो, आईला काही दाबावं लागत नाही. पहिल्या दिवशी तिने मान वाकडी करून विचारलं, "अगं, तू आत कशी बसलीस?" कॅमेऱ्यात कायम तिचं कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा, पण बोलणं व्हायचं. रोज व्हायचं.

काळजी केंद्रात गेल्यावर पहिली अडचण वायफायची. तिथलं वायफाय जोडलं की आधी लॉगिनचं पान उघडायचं आणि त्यावर "मान्य आहे" दाबायचं. माझ्या स्पीकरवर ते पान उघडेचना. शेवटी सिम घालायचा छोटा राउटर घेतला, स्पीकर त्याला जोडला. चाललं. पण आता खाटेशेजारी दोन वस्तू, दोन चार्जर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड झाला, आणि झाडताना त्यातलं एक तरी उपटलं जायचंच.

तेही निभावलं असतं. स्पीकर बंद केला तो एका सकाळमुळे. खोली दोघींची होती. मी कॉल लावला, तो नेहमीसारखा आपोआप जोडला गेला, आणि समोर आईच्या शेजारच्या आजी होत्या. पडदा अर्धा उघडा, मावशी त्यांचं अंग पुसत होत्या. एका सेकंदात कॉल तोडला, पण तो सेकंद अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्या आजींनी मला कधी परवानगी दिली होती? आपोआप उचलणं बंद केलं. ते बंद केल्यावर या वस्तूत घेण्यासारखं काही उरलं नाही, कारण स्क्रीनवर बोट लावून कॉल उचलणं आईला जमत नाही. एकटीची खोली असेल, आणि तिथेच वर्ष दोन वर्षं राहायचं नक्की असेल, तर आजही घ्या म्हणेन. तीन तारे.

टॅबलेटबद्दल थोडक्यात. दादाचा जुना होता. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी पडतात, स्क्रीन त्यांना नीट ओळखत नाही. त्यातून आई घंटी दाबल्यासारखं बोट दाबून धरते, आणि टॅबलेटला वाटतं तिला आयकॉन हलवायचा आहे. सेटिंगमध्ये "स्पर्श करून धरण्याचा वेळ" वाढवला तर ते बरंच सुधारतं, हे मला उशिरा कळलं. पण टॅबलेट बाद झाला माझ्याच अडाणीपणामुळे. त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप आईच्या जुन्या फोनला जोडलं होतं. मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉगआउट होतात. तो फोन माझ्याच ड्रॉवरमध्ये मरून पडला होता. पंधराव्या दिवशी टॅबलेटवर क्यूआर कोड दिसायला लागला, आणि तो स्कॅन करायला तिथे फोनच नव्हता.

आता बटणांचा फोन. चार मोठी बटणं, प्रत्येकावर फोटो लावायची जागा, बाजूला आवाजाची पट्टी, मागे एसओएसचं लाल बटण. चार्जिंगला पिन नाही, नुसता स्टँडवर ठेवायचा. हे वाचायला क्षुल्लक वाटतं, पण थरथरत्या हाताला पिन लागत नाही आणि घाईतल्या माणसाला वेळ नसतो. स्टँडवर मात्र मावशीही जाता जाता फोन ठेवून जातात. सिम स्वतःचं, त्यामुळे कुणाच्या वायफायचा पासवर्ड मागायला नको.

दोष आहेत. एसओएसचं बटण पांघरुणात दाबलं जातं. रात्री अडीचला दादाचा फोन वाजला आणि पलीकडून नुसतं घोरणं ऐकू आलं. साठवलेल्या नंबरांखेरीज बाकी सगळे कॉल अडवायची सोय आहे, फसवणुकीचे फोन त्यामुळे थांबले. पण आईच्या मैत्रिणीने नंबर बदलला आणि ती महिनाभर बिचारी अडली. तिला वाटलं आई रागावली. आणि रिचार्ज संपत आल्याचे मेसेज त्याच फोनवर जातात, जे वाचणारं तिथे कुणी नसतं. एकदा सिम बंद पडलं तेव्हा कळलं. आता तारीख माझ्या कॅलेंडरमध्ये आहे.

आवाजाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण मी बरेच महिने चुकीचं वागत होते. आईला ऐकू आलं नाही की मी ओरडायचे. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात, स, श, फ यांसारखी व्यंजनं जातात. ओरडलं की आपला आवाज आणखी वर चढतो आणि नेमका तिच्या हातून निसटतो. खालच्या पट्टीत, हळू, एका वाक्यात एकच गोष्ट सांगितली की तिला कळतं. दुसरं असं की जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग पलीकडे पोचतो. दोन्ही बाजूंना एचडी व्हॉइस असेल तर हीच मर्यादा ७००० हर्ट्झपर्यंत जाते. म्हणून फोन बटणांचाच घ्या, पण ४जी आणि व्होल्टी (म्हणजे ४जीवरूनच कॉल, त्यात एचडी व्हॉइस मिळतो) असलेला घ्या. आमचा आधीचा २जी होता. फोन बदलल्यावर आई म्हणाली, "आज तुझी सर्दी गेली वाटतं."

श्रवणयंत्राच्या बॅटरीचंही तसंच. आईला ३१२ नंबरची लागते, तपकिरी स्टिकरवाली. स्टिकर काढलं की हवा आत जाऊन बॅटरी सुरू होते, आणि मग यंत्र चालू असो वा बंद, ती उतरत राहते. कुणीतरी मदत म्हणून अख्ख्या पाकिटाची स्टिकरं काढून ठेवली होती. त्या आठवड्यात आई माझ्या प्रत्येक प्रश्नाला "हो हो" म्हणायची. मला वाटलं, हिचं डोकं काम करेनासं झालं.

खरी परीक्षा झाली ती इन्फेक्शनच्या वेळी. तिला पहाटे हॉस्पिटलमध्ये हलवलं. केंद्राने दादाला कळवलं, औषधांची यादी सोबत दिली, सगळं रीतसर. फोन मात्र लॉकरच्या ड्रॉवरमध्ये राहिला. मी दोन दिवस त्यावर कॉल करत होते आणि तो रिकाम्या खाटेशेजारी वाजत होता. "तिला झोप लागली असेल," असं दादा म्हणायचा, वॉर्डचा फोन कधीच लागायचा नाही. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरनी स्वतःच्या मोबाइलवरून जोडून दिला. आई एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुला मी कुठे आहे ते सांगितलंच नाही कुणी." त्यात श्रवणयंत्रही गेलं होतं, बहुधा टिश्यूत गुंडाळून जेवणाच्या ताटावर ठेवलेलं, ताटाबरोबर.

त्याच सिस्टरनी सांगितलं की जागा बदलल्यावर म्हाताऱ्या माणसाला जो गोंधळ, भीती, झोपमोड होते तिला नर्सिंगमध्ये नावच आहे, रिलोकेशन स्ट्रेस सिंड्रोम, आणि १९९२पासून ते त्यांच्या निदानांच्या यादीत आहे. "पहिले काही दिवस ओळखीचा आवाज रोज ठरल्या वेळी ऐकू द्या," म्हणाल्या. "संध्याकाळी नको, तेव्हा त्या जास्त गोंधळतात. आणि आमची शिफ्ट बदलते तेव्हाही नको, कुणी फोन हातात देणार नाही." आता मी सकाळी साडेदहाला करते. अंघोळ झालेली असते, चष्मा डोळ्यांवर असतो.

मग मी एक पिशवी शिवली. गळ्यात अडकवता येईल अशी, भडक केशरी. तिच्यात फोन, स्टँड, न उघडलेल्या बॅटऱ्यांचं पाकीट, श्रवणयंत्राची डबी, जादा चष्मा. बाहेर प्लास्टिकच्या खिशात कार्ड: "ही पिशवी आजींबरोबर जाते. पोचल्यावर पहिलं बटण दाबा." आणि केंद्राच्या सामानाच्या यादीत ती पिशवी एकच वस्तू म्हणून लिहून घेतली. हे सगळ्यात उपयोगी पडलं. यादीत दहा वस्तू असल्या की दोन विसरतात. एकच असली की कुणीतरी विचारतं, "ती केशरी पिशवी कुठंय?"

दुसऱ्या केंद्रात हलवलं त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होते. फोन वाजला, आईचा नंबर. पलीकडे अनोळखी पुरुषाचा आवाज, मागे गाडीचा आवाज. "मॅडम, कार्डावर पोचल्यावर लिहिलंय, पण आजी म्हणतात आत्ताच दाब." मग आई आली आणि तिला नेणारी गाडी किती हळू चालते याची तक्रार केली. दहा मिनिटं केली. मी मीटिंगमध्ये परत गेलेच नाही.

फोनला साडेचार तारे देते. अर्धा कापला तो एसओएसच्या बटणासाठी. ते आत खोल बसवायला हवं होतं, एवढं साधं कसं कळत नाही कुणाला?

एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला आई माझ्यासाठी म्हणून नेहमी दादाचं बटण दाबायची. मला वाटलं, विसरते. विचारलं तर म्हणाली, "त्या पहिल्या बटणावर कुणीतरी आखूड केसांची बाई आहे, तिला मी कशाला फोन करू?" घरी जाऊन अल्बममधून लांब वेणीचा फोटो काढला, कापून लावला. आता बटणावर मी वीस वर्षांची आहे आणि कॉल मला येतात.