धंतोलीतील एका लॅबची कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणी: अहवाल चोख, नमुना नेण्यात हयगय

नागपूरच्या धंतोलीतील दवाखान्यांच्या दाटीत असलेल्या एका पॅथॉलॉजी लॅबमधून आईच्या लघवीची कल्चर-सेन्सिटिव्हिटी तपासणी, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडते हे पाहणारी तपासणी, नुकतीच करून घेतली. या तपासणीचा अहवाल कसा असावा हे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

यापूर्वी हाती आलेल्या अहवालांत औषधांच्या नावांपुढे एस (लागू पडते), आय (मधले) किंवा आर (प्रतिरोध, म्हणजे लागू पडत नाही) एवढीच अक्षरे असत. येथे मात्र ई. कोलाय या जंतूचे नाव, त्याची प्रति मिलिलिटर १ लाखाहून अधिक अशी संख्या, प्रत्येक औषध लावलेल्या कागदी चकतीभोवती जंतूंची वाढ थांबलेल्या वर्तुळाचा व्यास आणि तो सीएलएसआय या प्रयोगशाळांसाठी मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या कोणत्या वर्षीच्या निकषांवर पारखला, हे सारे छापलेले होते. वर्तुळ जितके मोठे तितके औषध प्रभावी, असा समज मात्र करून घेऊ नये. याच निकषांनुसार लघवीतील ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइनचे वर्तुळ १७ मिलिमीटर भरले तरी ते औषध लागू पडते असे मानतात, तर सिप्रोफ्लॉक्सासिनचे २१ मिलिमीटरचे वर्तुळही प्रतिरोधातच मोडते; म्हणून दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयापुरत्या संसर्गासाठीच वापरावे, मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेल्या संसर्गासाठी नव्हे, अशी टीपही खाली होती. कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा निष्कर्ष चकतीवरून देता येत नाही, त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रव माध्यमात औषधाच्या वेगवेगळ्या प्रमाणांत जंतू वाढतात का हे पाहण्याची पद्धत) लागते, असे लिहून तो रकाना त्यांनी रिकामा ठेवला, हे मला विशेष आवडले.

अहवालाला उशीर का लागतो, हे तेथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी फोनवर न कंटाळता समजावून सांगितले. आधी जंतू वाढण्यासाठी जवळपास एक दिवस जातो, मग म्युलर-हिंटन अगार या जंतू वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर चकत्या ठेवून ती प्लेट सुमारे ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास ठेवावी लागते. जादा पैसे मोजूनही हा वेळ कमी होत नाही.

नमुना घरून नेण्याची सेवा मात्र बेफिकीर आहे. मे महिन्यातील नागपूरच्या दुपारी आलेल्या मुलाच्या पिशवीत बर्फाचा पॅक नव्हता, आणि काउंटरवर विचारले तर ‘चालतं हो’ एवढेच उत्तर मिळाले. खरे तर ते चालत नाही: लघवीचा नमुना दोन तासांत तपासणीला लागला नाही आणि थंडही ठेवला नाही, तर त्यातील जंतू वाढत राहतात आणि संख्या फुगलेली दिसते. आम्ही तो नमुना रद्द करायला लावला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नमुना स्वतः नेऊन दिला. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वीच नमुना द्यावा आणि तो धारेच्या मधला असावा, या सूचनाही डबीवर छापलेल्या नाहीत. त्या विचारून घ्याव्या लागतात.

दर धंतोली-रामदासपेठेतील इतर लॅबइतकेच आहेत. रविवारी नमुना स्वीकारतात, परंतु सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ त्या दिवशी नसतात, त्यामुळे अहवालाबद्दल काही विचारायचे असल्यास सोमवारची वाट पाहावी लागते.