आठ महिने पाच बटणांची गिटार

सोलापुरात चौदा वर्षं मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतोय. भाच्याकडचा जुना प्लॅस्टिकचा गिटार कंट्रोलर घेतला, कॉम्प्युटरवर फुकट मिळणारा क्लोन हिरो हा गेम टाकला आणि आठ महिने रोज अर्धा तास खेळलो. २००५ साली आलेल्या गिटार हिरो या गेमचीच ही पद्धत: हिरवं, लाल, पिवळं, निळं, केशरी अशी पाच बटणं आणि तारांच्या जागी एक पट्टी. पडद्यावर रंगीत नोटा सरकत येतात, त्या रंगाचं बटण दाबून वेळेवर पट्टीला टिचकी मारायची.

पहिल्या दिवशी भाच्याने मला सहज हरवलं. कारण माझा उजवा हात. खऱ्या गिटारवर हात मात्रेवर खाली-वर चालूच राहतो, मधले फटके तारांना न लागता हवेत जातात. इथे सूर नसताना पट्टीची टिचकी लागली की सलग बरोबर नोटांची साखळी तुटते. चौदा वर्षांची सवय आवरायला तीन आठवडे लागले.

आधी टीव्हीवर खेळत होतो, तेव्हा सगळंच उशिरा वाटायचं. टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो, त्यामुळे नोट दिसेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असतं. टीव्हीचा गेम मोड लावला, गेममध्ये कॅलिब्रेशन केलं, म्हणजे चित्र-आवाजाचा उशीर जुळवून घेतला, मग जमलं. हे न करता गेमला नावं ठेवू नका.

डाव्या हाताला मात्र यातून काही मिळत नाही. सूर चढत जातो आणि बटण पुन्हा हिरव्यावर येतं, कारण साऱ्या सुरांना पाचच जागा. कानाला हे फार खुपतं. आषाढात कार्यक्रम नव्हते, नुसता गेमच खेळलो, तर बोटांच्या टोकांचे घट्टे मऊ पडले. श्रावणात पहिल्या सरावाला तारा टोचल्या. तेव्हापासून आधी खरी गिटार, मग गेम.

फायदा झाला तो लयीत. आम्ही पूर्व भागात राहतो, खाली यंत्रमाग चालतात. त्या खटखटीवर मी वाजवताना नकळत लयीच्या पुढे धावायचो. गेममध्ये नोट चुकली की गाण्यातली गिटार गप्प होते, तो खड्डा स्पष्ट ऐकू येतो. नवरात्रात ढोलकीवाले काका म्हणाले, "आज तू माझ्या पुढं पळाला नाहीस बघ."

खरी गिटार लावून खेळायचं असेल तर रॉकस्मिथ या गेमचा प्रकार वेगळा, त्यात केबलने आपलीच गिटार जोडतात. मी तो घेतला नाही.

सहाव्या महिन्यात पट्टीखालचा स्विच गेला. उघडून नवा सोल्डर केला. आता टिचकी जरा कडक लागते, पण मला तीच बरी वाटते.